कळपाबाहेरच्या बाई

आमच्या विराबीन गावच्या शाळेत शब्दकोश होता, पण तो पियानोच्या मोडक्या पायाखाली. पेटिफरबाई म्हणायच्या, "शब्द अडला की पुस्तक उघडू नका, शब्द उघडा." तीस वर्षं इथल्या पोरांनी वाटाण्याची शेंग सोलावी तसे इंग्रजी शब्द सोलले आणि आतून लॅटिनचे दाणे काढले. माझी पोरंही त्यातलीच. तो कोश कुणीतरी आधीच ओढून काढायला हवा होता. कुणीतरी म्हणजे मीच, दुसरं कोण!

बाईंचे वडील बॅलारट शहरात थडग्यांचे दगड कोरायचे. पैसेवाल्यांच्या दगडांवर लॅटिन असायचं. बाप कोरायचा, आणि लहानगी यूना, म्हणजे आमच्या बाई, धूळ पुसता पुसता अक्षरं लावायची. कॉलेजचं तोंड काही तिने पाहिलं नाही. "माझे सगळे मास्तर मेलेले," असं त्या हसून सांगायच्या. तेविसाव्या वर्षी आमच्याकडे आल्या आणि शाळेला चिकटलेल्या दोन खोल्यांत राहिल्या. तेव्हा लग्न केलं की मास्तरणीची नोकरी जायची. बाईंनी नोकरी ठेवली.

गणिताच्या तासाला गणित थोडं आणि लॅटिनच फार चालायचं, हे खरं. पण आमची कधी तक्रार नव्हती. एकदा मेंढ्यांच्या लशीच्या बाटलीवर 'सबक्युटेनियस' असं छापून आलं. माझा नवरा आल्बी सुई थेट मांडीत खुपसायला निघाला होता. बाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, सब म्हणजे खाली, क्यूटिस म्हणजे कातडं, तेव्हा मांसात नको, कातड्याखाली टोच. आल्बी कुणाच्या बापाचं ऐकणारा नाही, पण त्या दिवसापासून बाईंचा शब्द तो खाली पडू देईना.

मग सत्तावन्न साली नवा इन्स्पेक्टर आला. अर्धा दिवस मागच्या बाकावर बसला, टिपणं काढली, चहाला नको म्हणाला आणि गेला. पंधरवड्याने त्याचा कागद आला. मी पालक समितीची सचिव, म्हणून बाईंनी मला बोलावून घेतलं. कागदावर मजकूर एवढाच: मिस पेटिफर यांची शिकवण्याची पद्धत माझ्या जिल्ह्यात सर्वांत 'इग्रीजियस' आहे. त्यांना काही म्हणायचे असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावे.

बाईंनी तो शब्द फळ्यावर लिहिला. सुरुवातीचा ए म्हणजे बाहेर. आणि ग्रेक्स? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, कळप. चर्चमधल्या 'काँग्रिगेशन'चा ग्रेक्स पोरांना तोंडपाठ होता: एकत्र आलेला कळप. "म्हणजे कळपातून बाहेर, उठून दिसणारी," बाई म्हणाल्या आणि त्यांचे कान लाल झाले. तीस वर्षांत सरकारने त्यांना बरं म्हणून कधी म्हटलं नव्हतं.

माझा जन्म गेला मेंढरांत. तोंडातून निघून गेलं, "बाई, कळपाबाहेर मेंढी दिसली की आम्ही आधी तिचे खूर बघतो. तिला काहीतरी झालेलं असतं."

पोरं खिदळली. बाईही हसल्या. "मर्ल, अगं, हे लॅटिन आहे. तुझी मेंढी नाही."

मी जीभ चावली. स्तुतीवर काय म्हणायचं असतं, आणि त्याला चौदा दिवस कशाला, हेही मनात आलं होतं. बाई म्हणाल्या, सरकारी रीतच असते तशी. घरी आल्बी म्हणाला, सरकार कौतुक करतंय? पेन घसरलं असेल. मी त्यालाच झापलं.

बाईंनी उत्तर लिहिलं: इन्स्पेक्टरसाहेबांच्या प्रत्येक शब्दाशी मी नम्रपणे सहमत आहे. त्याखाली मी लिहिलं, पालक समितीचंही एकमताने हेच मत आहे. आणि खाली माझी सही, चांगली ठसठशीत. तिकीटही मीच चिकटवलं.

पुढच्या महिन्यात, एका शुक्रवारी, आम्ही शाळेत बाईंचा सत्कार ठेवला. लॅमिंग्टन केक, स्कोन, मोठी किटली भरून चहा. बाईंनी ठेवणीतला करडा पोशाख घातला होता. तेवढ्यात टपालाची गाडी आली आणि शिक्षण खात्याचं पाकीट आलं. सगळे म्हणाले, बाई, मोठ्याने वाचा. बाईंनी चष्मा लावला.

"आपण स्वतः आणि पालक समितीने सर्व दोष मान्य केल्यामुळे चौकशीची गरज उरलेली नाही..."

बाईंनी चष्मा काढला आणि कागद माझ्यापुढे धरला. मी कागद घेतला. सत्र संपताच बाईंना नोकरीवरून कमी केलं होतं आणि एकवीस डिसेंबरपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. मी ते वाक्य तीनदा वाचलं, कुणा दुसऱ्याच बाईंचं पत्र चुकून आलं असेल म्हणून. नाव बरोबर होतं. समितीतल्या शेरीलच्या हातातला केक तसाच राहिला.

"आल्बी, पियानो उचल," बाई म्हणाल्या.

त्याने उचलला, मी कोश ओढला. धुळीने माखलेली पानं बाईंनी स्वतः उलटली. इग्रीजियस: उघडउघड, कमालीचं वाईट. त्याच्याखाली बारीक अक्षरात: पूर्वी, थोर, श्रेष्ठ. हा अर्थ आता वापरात नाही.

बाईंनी त्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. "मला शिकवणारे हाच अर्थ सांगून गेले," त्या म्हणाल्या. "त्यांना मरून बरीच वर्षं झाली." पियानो एका अंगाला कलला होता. तो सरळ करायचं कुणाला सुचलं नाही.

मी खात्याला तीन पत्रं लिहिली. आम्ही चुकून हो म्हटलं, शब्द कळला नाही, आम्ही अडाणी. उत्तर एकदाच आलं: शिक्षिकेला आणि समितीला इंग्रजी शब्द कळत नसेल तर इन्स्पेक्टरांचं म्हणणं खरंच ठरतं. हे वाचून मला इतका संताप आला, की मी अंगणात जाऊन कुत्र्यावर ओरडले. बिचाऱ्याने काय केलं होतं?

शेवटच्या दिवशी बाईंनी मला वर्गात बोलावलं. फळ्यावर तो मेला शब्द पुन्हा लिहिलेला. "मर्ल, तू त्या दिवशी काय म्हणाली होतीस, ते मुलांना सांग."

मी सांगितलं. बाईंनी ते शब्दाखाली जसंच्या तसं लिहून घेतलं, मुलांकडून वहीत उतरवून घेतलं आणि म्हणाल्या, "तीस वर्षं मेंढरांच्या गावात राहिले आणि मेंढीवालीचं ऐकलं नाही. चूक माझी आहे."

बाईंची बॅग गाडीत चढली, गाडी गेली. तेव्हा कोश माझ्याच हातात राहिला होता, हे मला फाटकाशी येऊन कळलं. चूक माझी, असं बाई म्हणाल्या. पण त्यांना कळलं नव्हतं. मला कळलं होतं, आणि मी खाली सही केली.