मायची विहीर, बाबांचा पंप

आमच्या गावाचा इतिहास विचाराल तर लोक कोळशाचा सांगतील. मी पाण्याचा सांगते.

वणीकडचं ते गाव खाणीवर जगायचं. बाबा खाणीत पंपावर होते. आत झिरपणारं पाणी सतत उपसून बाहेर नाल्यात सोडायचं, म्हणजे खालच्या लोकांना कोरड्यात काम करता येई. खाण खोल गेली तशा गावातल्या विहिरी आटत गेल्या. आमच्या अंगणातली सगळ्यांत आधी आटली. जेवायला वाढताना माय टोमणा मारायची, "माह्या हिरीचं पाणी नाल्यात सोडून आले, आता टँकरचं प्या." बाबा खाली मान घालून जेवायचे. मला मायचाच राग यायचा, कारण आम्हा बहिणींची शाळा त्या पंपावर चालली होती.

मग खाण बंद पडली, पंपही थांबला. कापसाचीही ती वाईट वर्षं. खाणीतून सुटून शेतात गेलेली माणसं आगीतून फुफाट्यात पडली. आमचं शेत पावसावरचं. माय म्हणाली, "दोन पावसाळे पायतो. हिरीले पाणी आलं तं भाजीपाला लावून राहू, नाही तं पोरींले घेऊन पांढरकवड्याले भावाकडे जातो." ती बोलली की करायची, हे आम्हाला ठाऊक होतं.

बाबा रोज सकाळी गाठी मारलेल्या दोरीला दगड बांधून विहिरीत सोडत. पाणी मोजायची ही खाणीतलीच सवय. पहिला पावसाळा गेला, दगड कोरडा. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी ते विहिरीवरून म्हणाले, "पाणी चढून राह्यलं." आवाज घाबरा होता. नोकरीभर त्यांनी हे वाक्य घाबरूनच म्हटलं होतं. मी हसले, मग मला रडू आलं.

दिवाळीत पोहरा पूर्ण बुडाला. मायनं तो ओढला, घोटभर पाणी पिऊन पाहिलं आणि पोहरा बाबांपुढे धरला. बाबांनी हात मागे घेतले.

"मले कायले? मी तं इतकी वर्सं फेकलंच."

"फेकलं म्हून तं पोरी शिकल्या," माय म्हणाली. "प्या आता."

हे तिनं पहिल्यांदाच कबूल केलं. बाबा ओंजळीनं प्याले. ओंजळीत उरलेलं पाणी त्यांनी झटकलं नाही. वाकून मायनं विहिरीकाठी लावलेल्या वांग्याच्या रोपाला घातलं.