कॅसेटमधलं ऊन

ओल्या गवताचा वास आला की महाबळेश्वरातला माझा पहिला पावसाळा आठवतो. नव्वद सालानंतरची गोष्ट. लग्न होऊन मी आटपाडीच्या रखरखीत उन्हातून तिथं गेले होते. पावसाआधी घराच्या भिंतींना गवताचे झाप बांधले, खिडक्याही झाकल्या, आणि भरदुपारी दिवा लावायची वेळ आली. बाहेर नुसतं धुकं, पत्र्यावर एकसारखा पाऊस. महिनाभरात माझं जेवण सुटलं, बोलणं आटलं. सासूबाईंनी घाबरून माझ्या माहेरी पत्र टाकलं. वडील न्यायला येतील असं वाटलं होतं, पण आली एक कॅसेट. तिच्यात गाणं नव्हतं, निरोप नव्हता. आमचं अंगण होतं. शेळ्यांचं ओरडणं, आईचं ज्वारी पाखडणं, आणि शेवटी वडील म्हणायचे, "लय ऊन हाय गं आज!" रोज दुपारी ते ऐकलं की चार घास जायचे. एके दिवशी मी अंथरुणातून उठेना, तेव्हा सासूबाईंनी आदल्या दिवशी मधेच थांबवलेला टेप स्वतःच लावायला घेतला आणि शेजारचं रेकॉर्डिंगचं लाल बटणही दाबलं. वडिलांचं ते वाक्य पुसलं गेलं. आठवडाभर मी सासूबाईंशी धड बोलले नाही. आता वडील आणि सासूबाई, दोघंही नाहीत. परवा कॅसेट लावली. फीत ताणल्यामुळं शेळ्या म्हशींसारख्या ओरडतात, मग मधेच गप्प होतात, आणि पत्र्यावरच्या पावसात सासूबाईंचा आवाज येतो, "ऊठ गं पोरी, तुजं ऊन लावलंय." तेवढंच ऐकायला मी कॅसेट पुन्हा मागं घेते.