छत्रीला बांधलेला पाय

पाय जाणार, या भीतीने मी तेव्हा इतका पोखरलो होतो की मारुतीरायावरचा विश्वाससुद्धा डळमळला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. संध्याकाळी हुतूतूच्या सामन्यात चढाई करताना चौघांनी मला दाबलं आणि गुडघ्यात काडकन आवाज झाला. रात्रीत लालबागला कर्फ्यू लागला, आणि सकाळी पाहतो तर गुडघा भोपळ्याएवढा! डॉक्टरकडे जायचं आमच्या तालमीत कुणाच्या स्वप्नातही येत नसे. लागलं की गरम तेलाने रगडायचं, ओरडला तर आणखी जोरात, हीच आमची रीत.

माझा सोबती दत्तू अक्षरशः माझ्या मांडीवर बसला होता. "गप रव रे, पाय आत्ता मोकळो जातलो!" मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो आणि मनात एकच धावा चालला होता, मारुतीराया, काहीही कर, पण मला पुन्हा मैदानात उतरव. घोटा बधिर होत चालला होता. हे दत्तूला सांगायचाही धीर होईना.

तेवढ्यात तालमीच्या दारात एक म्हातारा गोरा उभा, हातात छत्री. "सोड त्याला! हाड मोडला हाय!" असा खेकसला की दत्तूच्या हातून तेलाची वाटी सांडली. दत्तू भडकला, "तू कोण रे सांगणारा, इंग्रजा?" "इंग्रज नाय. आयरिश," म्हाताऱ्याने सांगितलं आणि पँट वर करून स्वतःचा गुडघा दाखवला. वाकडा, न दुमडणारा. दत्तू माझ्या मांडीवरून उठला.

धोतराच्या पट्ट्यांनी त्याने माझा पाय छत्रीला ताठ बांधला. दत्तूने हातगाडी ओढली, म्हातारा पुढे. नाक्यावर पोलिसांनी काठ्या उगारल्या, पण गोरा पाहून वाट दिली. मला धीर यावा म्हणून असेल, परळच्या इस्पितळापर्यंत म्हातारा गिरणीतल्या नोकरीत शिकलेल्या मोडक्या मराठीत आपली कथा सांगत राहिला. त्यांच्याकडे हर्लिंग नावाचा खेळ असतो, चपट्या काठीने चेंडू हाणायचा. तो आपल्या जिल्ह्याकडून खेळायचा, लोक त्याला खांद्यावर नाचवायचे. एकदा गुडघा फुटला. गावकऱ्यांनी असाच रगडला, पुढच्या रविवारी पुन्हा उतरवला. तोच शेवटचा सामना. "खूप दिवस देवाशी बोलला नाय मी," तो म्हणाला.

डॉक्टरांनी तपासलं. "आणखी रगडलं असतं तर जन्माचा लंगडा झाला असतास. चालशील तू. खेळ मात्र विसर." मी लहान पोरासारखा हुंदके देऊन रडलो. म्हातारा बाकावर टेकला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "रड. मी पण रडला."

दत्तू आजही म्हणतो, तो मारुतीच होता. मी वाद घालत नाही. तो माणूसच होता, करी रोडला राहायचा, पुढे कितीदा तरी मी त्याच्याकडे चहाला गेलो. आमच्या गल्लीत कसा आलात, असं विचारलं तर सांगायचा, पोलिसांनी नेहमीचा रस्ता अडवला, भलत्याच गल्लीत शिरलो, तर कुणीतरी ओरडत होतं. एवढंच. मैदान गेलं त्याचं दुःख पुष्कळ वर्षं उरात होतं, खोटं कशाला बोलू! पण आता नातीला कडेवर घेऊन चाळीचा जिना चढतो तेव्हा वरच्या पायरीवर दम घ्यायला थांबतो आणि मनातल्या मनात म्हणतो, मारुतीराया, तेव्हा माझं ऐकलं नाहीस, फार बरं केलंस.