चष्म्याचं माप

बापाला दिसेनासं झालं त्या तीन वर्षांत ती बाई झाली. घरात हे कुणी असं सरळ म्हणत नसे, पण घडलं ते असंच. बापाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की तो भिंतीकडे तोंड करून झोपे. इकडे ती हार्मोनच्या गोळ्या घेत होती, केस वाढवत होती. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत भिंगं घासताना पाण्याच्या धारेखालचे हात बघत होती. चाळिशीच्या तोंडावर ते पहिल्यांदाच स्वतःचे वाटू लागले होते. गोळ्यांनी बरंच बदललं, आवाज तेवढा राहिला. बापाला तेवढाच ठाऊक होता.

शेवटी तो ऑपरेशनला तयार झाला. आईने तिला जिन्यात गाठलं.

"महिना-दीड महिना इकडे फिरकू नकोस. हळूहळू सांगते मी त्यांना."

"तीन वर्षांत नाही सांगितलंस."

"तेव्हा दिसत कुठे होतं?"

ती तिकडे गेली नाही. पण चष्म्याचा नंबर निघाला तेव्हा तिने कळवलं, माप मीच घेणार.

"मग केस टोपीत कोंब," आई फोनवर म्हणाली. "पाच मिनिटांचा तर खेळ."

"टोपी घालणार नाही, आई."

डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर पट्टीने घ्यायचं असतं. हातभर अंतरावर समोरासमोर बसायचं. गिऱ्हाइकाने माप घेणाऱ्याच्या डोळ्यात सरळ बघायचं, आधी एका, मग दुसऱ्या. त्यात लपायला जागा नाही. तिला तेच हवं होतं.

आईने बापाला हात धरून दुकानात आणलं, स्टुलावर बसवलं. त्याने डोळे घट्ट मिटले होते.

"काका, डोळे मिटून माप द्यायला हा काय बूट आहे?" दुकानदार गल्ल्यावरून हसला. "ताई, सांग त्यांना."

"बाबा, माझ्या डोळ्यात बघा."

बाप हलला नाही. मग हळू म्हणाला, "आंधळा होतो, बहिरा नव्हतो. लोक काय बोलतात ते सगळं कानावर आलंय. ऐकलं तेवढं पुरे. बघायला लावू नकोस."

तिचा पट्टी धरलेला हात तसाच राहिला. दुकानदाराने उगाच फडका उचलून काच पुसायला घेतली. आई म्हणाली, "जुना चष्मा आणलाय मी. त्यावरून घे."

तिने त्यावरून घेतलं. भिंगं घासली, फ्रेममध्ये बसवली. चष्मा अचूक झाला.

आता ती रविवारी घरी जाते. जिन्यात तिची पावलं वाजली की बाप डोळ्यांत थेंब घालून आडवा होतो. थेंबांचा कोर्स केव्हाच संपलाय. बाटलीत नुसतं पाणी असतं. ती उशाशी बसून त्याला पेपर वाचून दाखवते, शेवटच्या पानापर्यंत. तो मिटल्या डोळ्यांनी हुंकार देतो, मध्येच एखाद्या बातमीवर पुढाऱ्याला शिवी हासडतो.

ती गेल्यावर, आई सांगते, उठून चष्मा लावतो आणि तोच पेपर पहिल्यापासून वाचतो.