तंबाखूच्या खोलीतलं ग्रहण

परवा निपाणीच्या घरी माडीवरची खोली उघडली आणि तंबाखूचा उग्र वास नाकात शिरला. माझी लेक शिंकायला लागली. मला मात्र ती पोटात असतानाची ग्रहणाची सकाळ आठवली.

मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायचे. सूर्यग्रहण बघायला पुठ्ठ्याच्या पेट्या कशा करायच्या, हे मुलींना मीच शिकवलं होतं. मुली शेजारच्या मैदानावर जमल्या आणि इकडे सासूबाईंनी मला या खोलीत आणून बसवलं. दाराला आतून कडी घालून त्याही जवळ बसल्या.

"ग्रहण सुटंस्तोवर हलायचं न्हाय," त्या म्हणाल्या.

पाय बधिर झाले. मैदानावरून मुलींचा आनंदाचा ओरडा ऐकू आला आणि माझे डोळे भरून आले. मान वर केली तर समोरच्या भिंतीवर उजेडाच्या चंद्रकोरी पडलेल्या. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती, प्रत्येक भोकातून एक कोर.

"ह्ये काय गं?"

"सूर्य हाय, आत्ती. आत्ता आभाळात असाच दिसतोय."

त्या उठल्या. भिंतीपुढं हात धरून एक कोर तळव्यावर घेतली आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"थोरल्याच्या वेळी मी बी हितंच बसलेली," त्या म्हणाल्या. "पर भ्यानं डोळं मिटून."

तेव्हा मला त्या पहारेकरी वाटत होत्या. त्या माझ्या कितीतरी आधीपासून आत होत्या, हे आज कळतं.

कोरी पुन्हा गोल झाल्या, तरी दार उघडायला आम्ही दोघीही हललो नाही.