टाळ्यांच्या आधी तात्या बोलतात

आमचं निरवांगी गाव सोडलं त्या दिवशी तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला मोटारसायकलवरून बारामतीच्या स्टँडवर आणून सोडलं. गाडी हलली तेव्हा ते खिडकीशी येऊन म्हणाले, "पोचलीस की फोन कर." आई घरीच थांबली होती. तिनं उंबऱ्यातच विचारून घेतलं होतं, "कधी येशील?"

जर्मनीत लाइपझिगच्या एका हॉस्पिटलात मी नर्स झाले. आई प्रत्येक फोनवर तेच विचारायची. मग एकाएकी तिनं विचारणं सोडलं. जेवलीस का, बर्फ पडतंय का, एवढंच. माझ्यावाचून यांचं आता अडत नाही, असं मी मनात धरून बसले. येणं लांबत गेलं. तात्या गेले तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

गेल्या हिवाळ्यात आंके या मैत्रिणीनं मला एक व्हिडिओ पाठवला. तात्या होते तेव्हा ती मला एका जुन्या चर्चमध्ये गॉथिक रॉकच्या कार्यक्रमाला घेऊन गेली होती, त्याचं रेकॉर्डिंग. काळे झगे, पांढरे रंगवलेले चेहरे, आणि बाई गायची ती जणू विहिरीच्या तळातून. तात्या जत्रेत ढोल वाजवायचे, म्हणून तिथला ढोल ऐकवायला मी तिथूनच त्यांना व्हिडिओ कॉल लावला होता. फोनचा आवाज पूर्ण वाढवला होता, पण आंकेनं माझ्या कानांत बोळे घातले होते. तात्यांचे नुसते ओठ हलताना दिसले. मी हसून मान डोलावली.

कार्यक्रम टिपणारा कॅमेरा आमच्या शेजारीच उभा होता. रेकॉर्डिंगमध्ये एक गाणं संपतं, चर्च गप्प होतं, आणि त्या शांततेत तात्या बोलतात. व्हिडिओ लावून मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

मार्चमध्ये रजा काढून गावी गेले आणि दुपारी आईला टीव्हीवर ते लावून दाखवलं. ढोल थांबला. तात्यांचा आवाज खोलीभर झाला.

"बघ, पोरगी कशी हसतीय. तितं बरं वाटतंय तिला. आता कधी येशील म्हणून इचारू नगंस. तिचा जीव हितं अडकून ऱ्हाईल."

ओसरीवर झोपलेलं कुत्रं उठलं आणि फाटकापाशी जाऊन उभं राहिलं. पडद्यावर गाणाऱ्या बाईनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग टाळ्या पडल्या.

"हिला ऐकू गेलं व्हय?" आईनं हळूच विचारलं.

"तुला म्हणाले होते ते?"

"मलाच. मी शेजारीच बसल्याली की." ती पडद्याकडंच बघत होती. "लई येळा इचारायचं तोंडाशी आलं गं. पण त्यांनी सांगितल्यालं."

मी तिच्या मांडीवर हात ठेवला. त्या बाईचं पुढचं गाणं चालू होतं आणि आमच्या घरात ते मला परकं वाटत नव्हतं.

गावच्या मंडळींनो, तुमच्यापैकी जे गावी राहिले ते विचारतात, आता तुझं घर कुठलं? माझ्यासारखे गेलेले विचारत नाहीत. मी लाइपझिगला परतले. संध्याकाळी आईला फोन लावते तेव्हा तिच्या मागं तोच ढोल वाजत असतो. टीव्हीवर ते कसं लावायचं हे तिनं शिकून घेतलंय. ढोल थांबतो, तशी आई मला म्हणते, "थांब जरा, त्यांचं बोलून होऊ दे."

मी फोन कानाला लावून थांबते. तेवढा वेळ आम्ही तिघं घरी असतो.