दारावरचं नाव आणि पडद्यावरची पट्टी

"जरा उभे राहता का? आणि थोडं इकडं वळा, म्हणजे सगळ्यांना दिसाल."

मी उभा राहिलो. वळलोही.

केजच्या बाजारात मी बैलांची दलाली करतो. गिऱ्हाईक म्हणतं वळीव, की मी कासरा धरून जनावर वळवतो. चाल दाखवतो, जबडा उघडून दात दाखवतो. त्या हॉलात माझा जबडा उघडायचाच राहिला होता.

"यांचेच आजोबा," माईकवरच्या मॅडम म्हणाल्या. "कागदातला माणूस आणि त्याचा रक्ताचा नातू एकाच वेळी समोर. संशोधकाला असा योग क्वचित येतो."

टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी नाही. योगासाठी.

मॅडम विद्यापीठातल्या. निजामाच्या काळातली तहसिलीची जुनी दफ्तरं मशिनीवर घालून, त्यांचे फोटो करून, कॉम्प्युटरवर टाकायचं काम त्यांच्याकडं होतं. जगातल्या कोणत्याही अभ्यासकाला आता आमच्या भागातला कागद घरी बसून बघता येणार होता. त्याचंच उद्घाटन होतं, आमच्या भागातल्या एका कॉलेजात. मागं फलक होता. 'अभ्यासकांसाठी खुला खजिना.'

आता मी तिथं कसा, ते सांगतो.

मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा आमच्या वस्तीत त्यांच्याशी कोणी बोलेना. गाडीतून उतरलेली, हातात फोन घेतलेली बाई. लोक म्हणाले, आमाला काय म्हाईत न्हाई. कोणीतरी त्यांना सांगितलं, बाजारातल्या त्या दलालाला गाठा, तो लई तापट हाय, पण वस्ती त्याचं ऐकते. त्या बाजारात आल्या. शेणात चप्पल सांभाळत उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "वस्ती बोलती करतो. मला काय मिळंल?"

त्या दचकल्या. पैसे मागतोय असं वाटलं असेल.

"पैसा नको," मी म्हणालो. "माझ्या आज्याचा कागद तुमच्या दफ्तरात असणार. घावला तर नक्कल मला द्यायची. आन माझी माय जे सांगंल ते त्या कागदाच्या शेजारीच ठेवायचं. जो कागद बघंल त्यानं मायचं बी ऐकलं पायजे."

"नक्की," त्या म्हणाल्या. हात पुढं केला. मी तो धरला. आमच्या धंद्यात हातात हात दिला की सौदा झाला. मग भाव पडो की चढो. हात देऊन फिरला त्याच्या शेजारी बाजारात कोणी उभं राहत नाही.

मी त्यांना जीपनं वस्तीत नेलं. मायच्या पुढ्यात बसवलं. माय फोनकडं बघून बोलली, जशी माणसाकडं बघून बोलते तशी. पाटलाच्या वाड्यात बैल मेला. मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम आमच्या माणसांचं. गावाची रीतच ती. माझा आज्जा, गेनू, म्हणाला, ओढणार न्हाई. बैल पाटलाच्या दारात फुगला, फुटला, वास गावभर गेला. शेवटी पाटलानं दुसऱ्या गावाहून माणसं आणून तो ओढवला. आणि तहसिलीत तक्रार दिली की गेन्यानं बैलाचं कातडं चोरलं. चावडीवर मारलं. मग कैद.

"मामंजींनी मला सोता सांगितलं," माय म्हणाली. "पाठ दावली. वळ तसंच होते म्हातारपणापस्तोर."

ज्या ढोराला हात लावणार नाही म्हणून माणूस अडून बसला, त्याच ढोराचं कातडं त्यानं चोरलं म्हणे. पण गावाला तेवढं पुरलं. आमचं घर चोराचं घर झालं. माझ्या बापाला कोणी खळ्यावर राखणीला ठेवलं नाही. शाळेत कोणाची पाटी हरवली की गुरुजी पहिलं दप्तर माझं झाडायचे. पाटी कधीच निघाली नाही. झाडायचं काही थांबलं नाही.

म्हणून कागद पाहिजे होता, आणि कागदाच्या शेजारी माय पाहिजे होती. तो डाग गावाबाहेर जायच्या आत पुसायचा होता.

त्या दिवशी मायला मी निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसवून नेलं. पहिल्या रांगेत बसवलं. मला वाटलं, आज ऐकणार सगळे.

मी उभाच होतो. पडद्यावर कागद आला. उर्दू लिखाण, खाली मराठी तर्जुमा. मॅडम वाचायला लागल्या. मुलजिम, म्हणजे आरोपी, गेन्या वल्द सटवा. पुढं जातीच्या जागी ती शिवी. ती त्यांनी स्वच्छ आवाजात वाचली, जसं औषधाचं नाव वाचावं. मी ती इथं लिहीत नाही. इल्जाम, मयत बैलाचं कातडं चोरणं.

"काय म्हनली ती?" मायनं मला विचारलं.

"कातडं चोरलं म्हणती."

माय बसल्या जागेवरूनच बोलली, शेतातून शेतात हाक मारावी तशी. "कोनी चोरलं? मामंजींनी? अगं बाई, हात लावला न्हाई म्हनून तर मारलं त्यास्नी! म्या तुला सांगितलं की समदं!"

हॉल हसला. मागच्या बाकांवरून शिट्टी आली.

मॅडमही हसल्या, समजूतदारपणे. "आजी, तुमच्या भावना मी समजू शकते. पण आज आपण दस्तऐवजाबद्दल बोलतोय."

"मग म्या बोलले ते?"

"ते तोंडी आहे आजी. आठवण आहे. त्याचा वेगळा अभ्यास होईल."

मायनं पदर तोंडावर ओढून घेतला. असा पदर तिनं बापाच्या मातीला ओढला होता, त्यानंतर आत्ता. राग मला रोज येतो, त्याची सवय आहे. ही किळस होती. मी तोंड फिरवायचं म्हणून पडद्याकडं बघितलं, आणि तेव्हा मला ती दिसली.

काळी पट्टी.

कागदावर तक्रारदाराचं नाव होतं तिथं. जाड, काळी, फूटपट्टीनं आखल्यासारखी सरळ. खाली तर्जुम्यातही तशीच.

"मॅडम, ही पट्टी कशाची?"

"ती तक्रारदाराची ओळख आहे. त्यांचे वंशज हयात आहेत, प्रतिष्ठित कुटुंब आहे. त्यांच्या खासगीपणाचा प्रश्न येतो. संशोधनाचे काही नैतिक संकेत असतात."

"आन मी?"

"म्हणजे?"

"मी हयात न्हाई का? आत्ता तर तुमीच मला वळवून दावलं."

मंचावर मधल्या खुर्चीत कॉलेजचे अध्यक्ष बसले होते. ते मोबाईलमध्ये बघायला लागले. त्या पाटलाचे नातू तेच. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तक्रार कोणी दिली हे झाकायला ती पट्टी नव्हतीच. पट्टी होती ती बाहेरच्या जगासाठी. परदेशातला अभ्यासक कागद उघडणार, तेव्हा त्याला चोर दिसणार. नावानिशी, बापाच्या नावासकट, जातीसकट. चोर ठरवणारा दिसणार नाही.

प्राचार्यांनी घाईनं चहाची सुट्टी जाहीर केली आणि मला केबिनमध्ये बोलावलं. आत अध्यक्ष होते, मॅडम होत्या. बिस्किटांची बशी होती.

"बस बे," अध्यक्ष म्हणाले. आम्ही एका वयाचे. लहानपणापासून त्यांनी मला याच 'बे'नं हाक मारलेली आहे. "जुन्या गोष्टी ह्या. मढी कशाला उकरतो?"

"मढं मी न्हाई उकरलं. मशीन लावून तुमीच उकरलं. आमचं उघडं टाकलं आन तुमचं झाकलं."

मॅडम मध्ये पडल्या. "हे बघा, तुमचा मुद्दा रास्त आहे. आपण तुमच्या आजोबांच्या नावावरही पट्टी टाकू. दोन्ही बाजूंना समान न्याय. मग तर झालं?"

खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं. आज्जा झाकला जाईल. चोर म्हणून कोणी वाचणार नाही. दलालाच्या डोक्याला हा सौदा सरळ दिसत होता.

मी डळमळलो ते अध्यक्षांनी ओळखलं. त्यांच्या खांद्यावर सत्काराची शाल होती. ती त्यांनी हातावर ओढली, हात शालीखाली घातला आणि माझ्यापुढं धरला. हसत म्हणाले, "चल, तुमच्या बाजारासारखं करू. घाल हात. बोटं दाब. कितीला मिटवतो?"

बाजारात आम्ही असाच भाव करतो. रुमालाखाली हात, बोटांवर बोटं, बघणाऱ्याला काही कळत नाही. पिढ्यानपिढ्या चालत आलेली रीत आहे, आणि माझं घर तिच्यावरच उभं राहिलं आहे. पण त्या शालीखालचा तो हात बघितला आणि मला दारात फुगलेल्या बैलाचा वास आला. मी कधी न बघितलेल्या बैलाचा. शालीखाली हात, नावावर पट्टी, एकच रीत. झाकून करायचं. झाकलेलं ज्याच्या फायद्याचं असतं त्यालाच झाकण सुचतं. माझ्या आज्यानं काय केलं होतं की त्याचं नाव झाकावं? तो नाही म्हणाला होता. ते नाव तर उघडंच पाहिजे.

मी ती शाल ओढून काढली आणि बिस्किटांवर टाकली.

"उघड्यावर बोला. आज्याचं नाव झाकायचं न्हाई. तुमच्या आज्यावरची पट्टी काढायची. मायचं बोलणं त्याच कागदाच्या शेजारी, ठरलं होतं तसं. आन नक्कल माझ्या हातात. ह्यातलं एक बी कमी चालणार न्हाई. न्हाईतर वस्तीतला एक माणूस तुमच्या फोनपुढं तोंड उघडणार न्हाई."

"तुम्ही संशोधनात अडथळा आणताय," मॅडम म्हणाल्या. आवाज आता समजूतदार नव्हता.

"व्हय. आणतोय. हात देऊन तुमी फिरलाव. मी न्हाई."

मायला धरून बाहेर आणलं. दारात ती थांबली. वर बघत म्हणाली, "काय लिव्हलंय रं?"

हॉलचं नाव होतं. पितळी अक्षरं, घासून चकचकीत केलेली. मी तिला वाचून दाखवलं. आत पडद्यावर ज्याच्यावर पट्टी होती तेच नाव, आधी कैलासवासी, पुढं सभागृह.

"त्योच?"

"त्योच."

माय पायरीवर थुंकली. शिपाई धावत आला, तिच्या तोंडाकडं बघितलं आणि परत गेला.

नंतर मी कॉम्प्युटरवर त्या कागदासाठी अर्ज केला. त्यात संस्थेचं नाव विचारलं, मार्गदर्शकाचं विचारलं. मी लिहिलं, गेनूचा नातू. उत्तर आलं, सुविधा फक्त नोंदणीकृत संशोधकांसाठी आहे. पुन्हा केला. पुन्हा तेच. मी करत राहणार आहे.

आणि मी बाजार फिरतो. केजपासून पार चकलांब्याकडं, जिथं बैल तिथं मी. आमची माणसं भेटतात तिथं सांगतो, तुमचे आजे त्या दफ्तरात आहेत. फोन घेऊन कोणी आलं तर आधी विचारा, पट्टी कोणाच्या नावावर आहे? उत्तर मिळेपर्यंत पाणी द्या, चहा द्या, आठवणीतला एक शब्दही देऊ नका.

ते पितळी नाव मी इथं लिहू शकलो असतो. लिहीत नाही. मी लिहिलं की म्हणतील, तोंडी आहे. ते त्यांच्याच कागदावरून, त्यांच्याच मशिनीतून, गेनूच्या नावाच्या शेजारी उघडं निघालं पाहिजे. तोवर आमच्याकडून कोणाला काही मिळणार नाही. आणि माझा हात शालीखाली जाणार नाही.